शेळीच्या दुधाचा रतीब

दुधाच्या धंद्यातला सगळ्यात कडक शब्द कोणता, तर रतीब. रोज, ठरल्या वेळी, ठरलं तेवढं दूध दारात आलं पाहिजे. पाऊस असो, लग्नसराई असो, घरात आजारपण असो, रतीब दोन-चारदा चुकला की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. गाई-म्हशीच्या दुधात हे बरंचसं जमून जातं. एक म्हैस आटली तर दुसरी भरून काढते, आणि नाहीच पुरलं तर शेजारच्या गोठ्यातून दूध मिळतं. शेळीच्या दुधाला हा आधार नाही. शेळी व्याल्यावर काही आठवडे दूध वाढवत नेते, मग हळूहळू कमी करते आणि काही महिन्यांत आटते. शिवाय त्या दुधावर पहिला हक्क तिच्या करडांचा असतो.

शेळ्या पाळून दूध विकायचंय असं म्हणणारे बरेच जण हल्ली भेटतात. नोकरी सोडून गावी आलेली मुलं असतात, बचत गटातल्या बायका असतात, निवृत्तीनंतर शेतावर राहायला आलेली जोडपीही असतात. जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कुठली जात घेऊ? मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: वर्षाचे ३६५ दिवस रतीब कसा चालवणार? जात, बोकड, चारा, गोठा या सगळ्यांची उत्तरं या प्रश्नाच्या मागोमाग येतात.

घरापुरतं दूध

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८८ लाखांहून अधिक शेळ्या होत्या आणि त्यातल्या १ कोटीच्या वर महाराष्ट्रात. तरीही देशाच्या एकूण दुधात शेळीच्या दुधाचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपासच आहे. आपल्याकडे शेळी पाळली ती करडांसाठी. अडीनडीला एखादं करडू विकून शाळेची फी भरायची, दवाखान्याचा खर्च भागवायचा. लेंडीखत शेताला जायचं. दूध म्हणजे घरच्या चहापुरतं, फार तर म्हाताऱ्या माणसाला किंवा आजाऱ्याला.

शेळीच्या दुधाचं देशातलं सगळ्यात प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे गांधीजी. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडलं होतं. १९१९ च्या सुरुवातीला ते मुंबईत अंथरुणाला खिळलेले असताना कस्तुरबांनी सुचवलं, की तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत? त्यानंतर शेळीचं दूध त्यांच्या आहारात अखेरपर्यंत राहिलं. पण ते जिथं जातील तिथं कुणाला तरी शेळीची सोय करून ठेवावी लागे. रोज ताजं दूध लागणारा एक माणूस किती यातायात करायला लावतो, ते यातून कळतं. अशी दहा घरं रतीबाला बांधून घ्यायची असतील तर गणित कागदावर मांडल्याशिवाय इलाज नाही.

दहा घरांचं गणित

समजा, दहा घरांना रोज अर्धा-अर्धा लिटर दूध द्यायचं आहे. म्हणजे रोज ५ लिटर. आपल्या स्थानिक शेळ्यांपैकी निवडक, नीट खाऊ घातलेली शेळी करडांचा वाटा सोडून सरासरी अर्धा लिटर देईल असं धरू. म्हणजे रोज दहा शेळ्या दुधात हव्यात.

आता वेताचं चक्र पाहा. शेळीचा गाभण काळ साधारण १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. व्याल्यावर तीन महिन्यांनी ती पुन्हा फळली तर दोन वेतांत आठ महिन्यांचं अंतर पडतं. म्हणजे दोन वर्षांत तीन वेतं. या आठ महिन्यांतला पहिला महिना पूर्ण करडांचा. त्यानंतरचे चार महिने आपल्याला विकण्याजोगं दूध मिळतं. उरलेले तीन महिने शेळी भाकड, पोटातल्या जिवासाठी खाणारी. थोडक्यात, कोणतीही शेळी निम्माच काळ रतीबाला उभी असते. म्हणून दहा दुभत्या शेळ्यांसाठी वीस शेळ्या लागतात.

त्या वीसही शेळ्या एकाच महिन्यात व्याल्या तर चार महिने दुधाचा पूर येईल आणि पुढचे चार महिने कोरडे जातील. म्हणून त्यांचे दोन गट करायचे. पहिला गट ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्याला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी रतीब त्याचा. दुसरा गट फेब्रुवारीत व्याला की मार्च ते जून त्याचा. जानेवारीत फळलेला पहिला गट जूनमध्ये पुन्हा वितो आणि जुलै ते ऑक्टोबर सांभाळतो. तोवर दुसऱ्या गटाची ऑक्टोबरची वेळ येते. साखळी कुठे तुटत नाही.

कागदावर हे सरळ दिसतं. गोठ्यात एखादी उलटते, म्हणजे फळूनही गाभण राहत नाही, एखादी गाभडते, एखादीला दगडी, म्हणजे कासेचा आजार होतो. म्हणून वीसच्या जागी चोवीस शेळ्या धराव्यात. जूनमध्ये विणाऱ्या गटाची करडं पावसाच्या ओलीत सापडतात, त्यांच्यासाठी कोरडी, उबदार जागा आधीपासून तयार असावी.

बोकड वेगळा का बांधायचा

वेळापत्रक पाळायचं तर बोकड कळपात मोकळा सोडून चालत नाही. तो आपल्या मर्जीनं वेळापत्रक ठरवतो. त्याला वेगळ्या आवारात, शक्यतो शेळ्यांच्या नजरेआड आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावं. यात दोन फायदे आहेत. काही आठवडे दूर ठेवलेला बोकड शेळ्यांजवळ आणला की त्याच्या वासानं बऱ्याच शेळ्या थोड्या दिवसांच्या अंतरानं माजावर येतात, म्हणजे गट एकदम फळवता येतो. दुसरा फायदा दुधाचा. शेळीच्या दुधाला उग्र वास येतो अशी जी तक्रार असते, तिचं एक कारण धार काढण्याच्या जागेजवळ वावरणारा बोकड. तो वास दूध पटकन धरतं.

माज साधारण दर २१ दिवसांनी येतो आणि एक-दोन दिवस टिकतो. शेपूट सारखी हलवणं, ओरडणं, दुसऱ्या शेळीवर चढणं ही त्याची लक्षणं. फळवण्याच्या आधी दोन-तीन आठवडे शेळीला थोडा जास्तीचा खुराक दिला तर ती चांगली फळते आणि जुळी होण्याची शक्यता वाढते. २० ते २५ शेळ्यांना एक बोकड पुरतो. पण तो ज्या शेळीच्या पोटी जन्मला ती किती दूध देत होती, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. दूध वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे चांगल्या दुधाच्या शेळीचा बोकड. दोन-अडीच वर्षांनी तो बदलावा, नाहीतर आपल्याच पाटींना तो फळवतो आणि कळप खालावतो.

जात कुठली?

आता जातीच्या प्रश्नाकडे येऊ. दुधासाठी नावाजलेल्या जाती उत्तरेकडच्या: पंजाबची बीटल, इटावा भागातल्या यमुना-चंबळच्या खोऱ्यातली जमुनापारी, आग्रा-मथुरेकडची बारबरी. राजस्थानची सिरोही मांस आणि दूध दोन्हींसाठी. यातल्या मोठ्या शेळ्या दिवसाला दीड-दोन लिटर किंवा त्याहून जास्त देतात. पण तो आकडा त्यांच्या मुलखातला, तिथल्या चाऱ्यावरचा आणि कोरड्या हवेतला असतो. जमुनापारीला ओली, दमट हवा मानवत नाही. तिथून ट्रकमध्ये भरून आणलेल्या शेळ्या इथल्या पहिल्या पावसाळ्यातच आजारी पडल्याची उदाहरणं अनेक गावांत सापडतील.

महाराष्ट्रात संगमनेरी ही दूध आणि मांस दोन्हींसाठी चालणारी जात अहिल्यानगर, नाशिक, पुणे भागात आहे. मराठवाड्याची काळीभोर उस्मानाबादी काटक आहे, जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि वर्षभर माजावर येते. रतीबाच्या वेळापत्रकाला हा गुण फार उपयोगी पडतो. विदर्भात बेरारी आहे. सिंधुदुर्गाची कोकण कन्याळ तिथला धो धो पाऊस सोसते. नव्या माणसानं आपल्या भागातल्या जातीपासून सुरुवात करावी आणि तिच्यातल्या दुधाच्या शेळ्या निवडाव्यात. पुढे हवा तर बीटलचा बोकड आणून संकर करावा.

खरेदी बाजारात करण्यापेक्षा पाळणाऱ्याच्या दारात जाऊन केलेली बरी. दुसऱ्या वेताची, नुकती व्यालेली शेळी करडांसकट घ्यावी. संध्याकाळची धार पाहावी, मुक्काम करावा आणि सकाळची धारही पाहावी. एकाच धारेवर सौदा करू नये, कारण विकण्याआधी दूध तुंबवून कास फुगवलेली असू शकते. धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ सुरकुतली पाहिजे. हाताला गाठ लागली तर ती शेळी सोडून द्यावी. दोन्ही सड सारखे आहेत का ते बघावं. नव्या शेळ्या घरी आणल्या की तीन आठवडे वेगळ्या बांधाव्यात आणि मगच कळपात सोडाव्यात.

शेवरीचा बांध

दूध चाऱ्यातून येतं आणि खर्चही तिथंच सगळ्यात जास्त होतो. गाय गवत चरते, पण शेळी मान वर करून झुडपं ओरबाडते. तिच्या तोंडाची रचना आणि सवय पाल्याची आहे. म्हणून शेळ्या आणण्याच्या निदान सहा महिने आधी बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ, शेवगा, तुती लावायला घ्यावी. जोडीला लसूणघास, मका, नेपियर. कोरड्या चाऱ्याला तुरीचं आणि सोयाबीनचं भुसकट किंवा हरभऱ्याचा भुसा. सुबाभळीत मिमोसिन नावाचा घटक असतो, त्यामुळे ती हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त देऊ नये.

दुभत्या शेळीला शरीरासाठी पाव किलोच्या आसपास आणि त्यावर दर लिटर दुधामागे साधारण ४०० ग्रॅम खुराक लागतो. मक्याचा भरडा, तूर किंवा हरभऱ्याची चुनी, शेंगदाणा किंवा सरकी पेंड, कोंडा, थोडं क्षारमिश्रण आणि मीठ यांतून तो घरीच करता येतो. स्वच्छ पाणी दिवसभर समोर असावं, कारण पाणी कमी पडलं की त्याच संध्याकाळी दूध घटतं. चारा जमिनीवर टाकला तर शेळी त्यावर पाय देते आणि मग तोंड लावत नाही. गव्हाण उंचावर हवी. गोठ्यात मोठ्या शेळीमागे १० ते १२ चौरस फूट छपराखालची जागा आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार पुरतं. जमीन कोरडी असणं महत्त्वाचं. कोकणात लाकडी फळ्यांचा माच उभारतात तो त्यासाठीच.

करडांचा वाटा

व्याल्यावर अर्ध्या तासात करडाच्या पोटात चीक गेला पाहिजे. रोगाशी लढण्याची शक्ती त्यातूनच येते. करडाला रोज त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध लागतं. तीन-चार आठवड्यांनंतर करडं रात्री वेगळी कोंडावीत. सकाळची धार आपली, मग दिवसभर करडं आईपाशी. या पद्धतीत रतीबही चालतो आणि करडंही रोडावत नाहीत. जो दूध विकायच्या घाईत करडांना उपाशी ठेवतो, तो वर्षाच्या शेवटी करडांच्या विक्रीत आलेली खोट मोजत बसतो. आणि आपल्याकडे आजही या धंद्यात मोठा पैसा करडांचाच आहे.

एक धार जवळून

संगमनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी पहाटे एका मावशींची धार काढणं पाहिलं. गोठ्याबाहेर दोन फूट उंचीचा सिमेंटचा ओटा होता. नाव घेऊन हाक मारली की शेळी आपली आपण ओट्यावर चढायची आणि पुढ्यातल्या भरड्यात तोंड घालायची. मावशींनी हात साबणानं धुतले, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं कास पुसली, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपली. प्रत्येक सडाची पहिली पिचकारी काळ्या कापडावर मारली आणि ते कापड दिव्याजवळ नेऊन न्याहाळलं. "गुठळी दिसली की समजायचं दगडी लागलीय. त्या शेळीचं दूध वेगळं," त्या म्हणाल्या.

मग मुठीची धार. सड ओढायचा नाही, अंगठा मुडपून दाबायचा नाही. वरून अंगठा आणि तर्जनीनं सड बंद करायचा आणि बाकीची बोटं एकामागून एक मिटायची. दोन-तीन मिनिटांत कास मोकळी झाली. शेवटी सड जंतुनाशकात बुडवून घेतले आणि शेळीला चारा टाकून उभं ठेवलं, कारण धारेनंतर सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं आणि ती लगेच घाणीत बसली तर रोगाला वाट मिळते. दूध दुहेरी मलमलीतून स्टीलच्या बरणीत गाळलं आणि बरणी बर्फ टाकलेल्या पाण्याच्या टोपात ठेवली. "ऊन दूध तसंच झाकून ठेवलं का वास धरतंय," मावशींनी सांगितलं. त्यांच्या दुधाला मला कसलाच वास आला नाही.

माल्टाची गोष्ट

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैनिक एका चिवट तापानं आजारी पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं त्याचा जंतू शोधला, पण तो माणसात येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टॉक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरला उत्तर सापडलं. तो जंतू शेळ्यांमध्ये होता. तिथं गवळी शेळ्यांचा कळप दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढत. शेळ्या तर दिसायला ठणठणीत होत्या. सैन्यात शेळीचं दूध बंद केल्यावर तिथला ताप झपाट्यानं ओसरला.

हा रोग म्हणजे ब्रुसेलोसिस. तो आपल्याकडेही आहे. डोळ्यांसमोर काढलेलं दूध ताजं असतं, म्हणून ते सुरक्षित असतंच असं नाही. शेळ्यांची रक्ततपासणी करून घ्यावी. गाभडलेल्या शेळीचा गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नये. आणि दूध उकळल्याशिवाय किंवा ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवून थंड केल्याशिवाय पिऊ नये, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं. पीपीआर, आंत्रविषार, लाळ्या-खुरकत, देवी या रोगांच्या लसी पशुवैद्यकांनी ठरवून दिलेल्या वेळी टोचून घ्याव्यात. औषध दिलेल्या शेळीचं दूध वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत रतीबात घालू नये.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं

पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक हमखास विचारतं, "साय का येत नाही? पाणी घातलंय का?" याचं उत्तर विक्रेत्याला देता आलं पाहिजे. शेळीच्या दुधातले स्निग्धाचे कण बारीक असतात आणि त्यांना एकत्र चिकटवणारं प्रथिन जवळजवळ नसतं, त्यामुळे साय गाईच्या दुधासारखी जाड धरत नाही. शेळी चाऱ्यातल्या कॅरोटिनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते, म्हणून दूध आणि तूप पांढरंशुभ्र असतं. दही मऊ लागतं. हे दूध मंद आचेवर तापवावं.

काही गोष्टी मात्र विक्री कमी झाली तरी सांगाव्यात. डेंग्यूच्या साथीत शेळीच्या दुधाचा भाव भडकतो, कारण त्यानं प्लेटलेट वाढतात असा समज आहे. त्याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. कच्चं दूध तर अशक्त रुग्णाला धोक्याचंच. या दुधात लॅक्टोज गाईच्या दुधाइतकंच असतं म्हटलं तरी चालेल. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्या अनेकांना हेही चालत नाही. फोलेट आणि ब-१२ कमी असल्यामुळे तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे देऊ नये. आजाऱ्याच्या घरून चढा भाव घेऊन चार दिवस कमाई होते. खरं सांगून बांधलेलं घर वर्षानुवर्षं रतीब घेतं.

विक्री सुरू करताना अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची नोंदणी करून घ्यावी. पावसाळ्यात किंवा सुट्ट्यांत दूध शिल्लक राहिलं तर त्याचं पनीर करावं, किंवा दूध गोठवून साठवावं. साबण करणाऱ्यांनाही हे दूध लागतं.

पाच शेळ्या, दोन घरं

१० शेळ्या आणि १ बोकड अशा गटासाठी राज्यात अनुदानाच्या योजना आहेत. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढच्या प्रकल्पांना ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं. पण अनुदान मिळतंय म्हणून शंभर शेळ्यांनी सुरुवात करू नये. पाच शेळ्या आणाव्यात, दोन घरं बांधावीत आणि एक पूर्ण वर्ष तो छोटा रतीब स्वतः चालवावा. रोज किती दूध निघालं, किती खुराक गेला, कोण कधी माजावर आली, कोण कधी व्याली हे एका वहीत लिहावं. पुण्या-मुंबईत बसून फोनवर गोठा चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि या धंद्यात त्याचा फटका पहिल्याच पावसाळ्यात बसतो.

वर्ष संपताना ती वही उघडावी. आपल्या शेळ्या आपल्या चाऱ्यावर खरोखर किती दूध देतात आणि किती महिने देतात, हे तिच्यात लिहिलेलं असेल. वर मांडलेलं दहा घरांचं गणित आपल्या आकड्यांनी पुन्हा मांडावं. मग तिसऱ्या घराला हो म्हणावं.